बांगडी, गोटी आणि बारा इंची चाक

एक मीटर लांबीची गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका टोकाखाली दोन-तीन वह्या ठेवून उतार करा. वरच्या टोकाला एक बांगडी उभी धरा आणि तिच्या शेजारी एक काचेची गोटी. दोन्ही एकदम सोडा. गोटी खाली पोचते तेव्हा बांगडी साधारण 70 सेंटीमीटरवर असते. आता काचेच्या बांगडीऐवजी सोन्याची जाड पाटली घ्या, गोटीऐवजी लोखंडी छर्रा घ्या. निकाल तोच. वजन बदललं, आकार बदलला, धातू बदलला, तरी बांगडी तीस सेंटीमीटर मागंच राहते.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा फळी वाकडी असेल म्हणून ती उलटी फिरवून पाहिली होती. फळी सरळच होती. उतारावरून खाली येताना मिळणारी शक्ती दोन कामांत वाटली जाते. एक काम पुढं सरकण्याचं, दुसरं स्वतःभोवती फिरण्याचं. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला असतं, म्हणून तिची बरोबर अर्धी शक्ती नुसती फिरण्यात जाते. गोटीचं बरंचसं वस्तुमान मध्याजवळ असतं, त्यामुळं तिचे फिरण्यात सातांतले दोनच वाटे जातात आणि पाच वाटे पुढं जायला उरतात. वजन किती, हा प्रश्न इथं येतच नाही. वजन कुठं, एवढाच प्रश्न आहे.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या भागात कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही. विदर्भातल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, धावणारा छकडा एकदा जवळून पाहा. शेतातली बंडी ओझ्यासाठी, दमणी माणसांना बसून जाण्यासाठी, आणि छकडा फक्त वेगासाठी. त्याला ना पाटी, ना बाजू. धुरकऱ्याचे पाय टेकतील एवढी जेमतेम जागा. पळायला नको ती प्रत्येक गोष्ट काढून टाकलेली. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरसारख्या नावाजलेल्या पटात निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतो. तिथं चाकातलं जास्तीचं वजन बैलांना दोनदा ओढावं लागतं: एकदा पुढं नेण्यासाठी आणि एकदा फिरवण्यासाठी. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी या शर्यती थांबवल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्रात त्यांना पुन्हा वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या साडेसात वर्षांत किती छकडे गोठ्याच्या माळ्यावर पडून राहिले असतील! हलकं चाक बनवणारा हात एकदा मोडला की पुन्हा तयार व्हायला पिढी लागते.

महाराष्ट्राच्या मातीत याहून जुना पुरावा आहे. 1974 मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबादला काशाच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांतली एक म्हणजे दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला एक माणूस. रथ सुमारे 45 सेंटीमीटर लांब, माणूस 16 सेंटीमीटर उंच. या मूर्तींच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बहुतेकांच्या मते त्या तीन-साडेतीन हजार वर्षांहून जुन्या आहेत. बैलजोडी, जोखड, बारीक सांगाडा आणि मागं तोल सांभाळत उभा असलेला गडी. आजच्या पटातलं चित्र याहून फार वेगळं नाही. त्या रथाची चाकं मात्र भरीव आहेत. भरीव चाकातलं लाकूड कमी करत करत आऱ्यांपर्यंत येणं ही माणसाच्या इतिहासातली मोठी उडी आहे. वजन सोसायला जेवढं लागतं तेवढंच ठेवायचं आणि बाकी जागा वाऱ्याला द्यायची, असा तो शोध.

आता मोटारगाडीकडं आणि तिच्या ऑटोक्रॉस शर्यतीकडं येऊ. ज्यांनी ऑटोक्रॉस पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या मैदानात खुणा लावून वळणावळणाचा छोटा मार्ग आखतात. एका वेळी एक गाडी सुटते आणि घड्याळाशी झुंजते. आपल्याकडं या शर्यती बहुधा मातीवर होतात. नाशिक-पुण्याकडं त्यांची चांगली परंपरा आहे. लांब सरळ रस्ता नसतोच, त्यामुळं अचाट वेग गाठता येत नाही. पुन्हा पुन्हा थांबायचं, वळायचं, सुटायचं. म्हणजे पटासारखंच, सारा खेळ सुटण्याचा. अशा मैदानात महागडी मोटार लागत नाही. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठल्याही गावात एखाद्या अंगणात जुनी मारुती 800 उभी असते. डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 अशी तीस वर्षं ही गाडी बनत राहिली. वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, चाकं बारा इंची, टायर 145/70. हौशी पोराला सुरुवात करायला यापेक्षा चांगलं काही मला माहीत नाही.

आणि सुरुवात करताच तो पोरगा पहिली गोष्ट काय विचारतो? "काका, अलॉय कुठले टाकू?"

या प्रश्नाचं उत्तर बांगडीत आहे, पण थोडं पुढं जाऊन पाहावं लागतं. मोटारीच्या शौकिनांत एक समज पक्का बसला आहे: चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले चार किलो. कुणी आठ सांगतो, कुणी दहा. हे खरं नाही. खरं नसणार हे फळीवरच्या बांगडीनं आधीच सांगून टाकलं आहे. सगळं वजन थेट जमिनीला टेकणाऱ्या कडेवर असलं तरी ते फार तर दुप्पट भासेल. गती घेताना दोनच्या वर जाता येत नाही. निसर्गानं तिथं रेघ मारून ठेवली आहे.

आता मारुती 800 चं चाक घ्या. बारा इंची रिमची त्रिज्या 15.2 सेंटीमीटर. टायरसकट चाकाची त्रिज्या 25.4 सेंटीमीटर. रिमची कड जमिनीपासून इतकी आत आहे, तर तिच्यातला एक किलो गती घेताना सुमारे 1.36 किलोसारखा वागतो. टायरचा पट्टा, म्हणजे नक्षीचा भाग, जवळजवळ जमिनीलाच टेकलेला, म्हणून त्यातला एक किलो 1.9 च्या घरात जातो. मध्यावरचा, नटांजवळचा एक किलो जवळपास एकच राहतो. एकाच चाकात तीन जागी तीन भाव! सगळे जण चकाकत्या अलॉयकडं पाहतात, पण सगळ्यात महाग वजन टायरच्या रबरात लपलेलं असतं. म्हणून टायर घेताना ते किती किलोचं आहे हे विचारणारा गिऱ्हाईक मला फार आवडतो.

आकडा पूर्ण करू. समजा चार रिममध्ये मिळून आठ किलो वाचले. फिरण्याचा वाटा धरला तर ते दहा-साडेदहा किलोंसारखे भासतील. गाडी आणि चालक मिळून साडेसातशे किलो, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आत. स्टेपनी, जॅक, पाना आणि मागची सीट स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तर उतरवून ठेवली, की याहून जास्त वाचतं आणि एक रुपया लागत नाही.

स्टेपनी म्हटलं की राहवत नाही. वेल्समध्ये लानेथली नावाच्या गावी स्टेपनी नावाची गल्ली आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904 मध्ये एक जादा चाक विकायला काढलं. त्याला आरे नव्हते. हवा भरलेलं टायर असलेली नुसती कड, जी पंक्चर झालेल्या चाकाला बाजूनं आवळून बसवायची. त्या गल्लीचं नाव चाकाला पडलं. नंतर त्या चाकाची तऱ्हा संपली, पण मलकापूरच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी ते नाव आजही आहे. दुकान गेलं आणि शब्द राहिला. शेवटी तेही बांगडीसारखंच चाक होतं, मध्ये काहीच नसलेलं.

मग हलक्या चाकाचा फायदा दीड टक्काच का? नाही. त्याची खरी करामत गती घेण्यात नाहीच, ती माती धरून ठेवण्यात आहे. आणि मला विचाराल तर या साऱ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. दगडावर चाक चढलं की साऱ्या गाडीला, बसणाऱ्याच्या मणक्यासकट, दगडाबरोबर वर जावं लागतं. मोटारीत स्प्रिंग आल्यावर गाडीचे दोन भाग झाले. स्प्रिंगच्या वर माणसं, इंजिन, सगळा डोलारा. स्प्रिंगच्या खाली चाक, टायर, ब्रेक आणि त्यांना धरणारे दांडे. खड्डा आला की खालच्या भागानं एकट्यानं उडी मारून परत जमिनीला टेकायचं असतं. टेकेपर्यंत ते चाक हवेत असतं, आणि हवेतलं चाक ना वळवू शकतं, ना थांबवू शकतं, ना ढकलू शकतं.

आता बघा. लहान गाडीच्या एका चाकावर स्प्रिंगमधून सुमारे 160 किलोचा भार येतो. तोच भार उडालेल्या चाकाला खाली दाबतो. खालच्या भागाचं वजन 25 किलो असेल आणि उंचवट्यापुढं जमीन 3 सेंटीमीटर खाली गेली असेल, तर ताशी 50 किलोमीटरच्या वेगात चाक टेकेपर्यंत गाडी जवळपास 40 सेंटीमीटर पुढं गेलेली असते. त्यातून तीन किलो कमी केले की चाक सुमारे 2 सेंटीमीटर आधी टेकतं. (हिशेब सोपा केलेला आहे, शॉकअप त्यात धरलेला नाही.) दोन सेंटीमीटर! बोटाच्या एका पेराएवढं अंतर. पण मातीच्या मैदानात असे उंचवटे पावलोपावली असतात, आणि वळणात नेमक्या त्या पेराएवढ्या जागेत गाडी घसरायची की वळायची ते ठरतं. वरच्या भागातले तीन किलो काढून हे मिळत नाही. त्याला फक्त चाकच हलकं व्हावं लागतं.

म्हणजे चाकातलं वजन आपण दोन ठिकाणी मोजतो. धावताना थोडं, टेकताना जास्त.

आता खिशाचा प्रश्न. ॲल्युमिनियमची घनता 2.7, लोखंडाची 7.85. सरळ हिशेबानं अलॉयचं चाक लोखंडी डिस्कच्या तिसऱ्या हिश्श्यात यायला हवं. तसं होत नाही, कारण ॲल्युमिनियमचा ताठरपणाही लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याचा आहे. तेवढाच भार पेलायला ते जाड करावं लागतं. साच्यात ओतलेल्या स्वस्त अलॉयमध्ये तर पोकळ्या, भेगा राहू नयेत म्हणून धातू आणखी सैल हातानं वापरतात. त्यामुळं बाजारातली कितीतरी देखणी चाकं कंपनीच्या साध्या लोखंडी डिस्कपेक्षा जड भरतात. धातू दाबून, ठोकून घडवलेली चाकं खरोखर हलकी असतात, पण त्यांची किंमत जुन्या गाडीच्या किमतीला जाऊन भिडते. 1924 मध्ये बुगाटीनं लियॉंच्या शर्यतीत ओतीव ॲल्युमिनियमची चाकं आणली तेव्हापासून अलॉय म्हणजे शर्यत असं डोक्यात बसलं. त्यांतल्या प्रत्येक चाकात ब्रेकचं ड्रमही धरलेलं होतं. हेतू नेमका होता. आज बहुतेक चाकं चकाकीसाठी विकली जातात.

शिवाय लोखंडाचा एक गुण आपल्या मुरमाड, गोटाळ मैदानांत लाखमोलाचा आहे. दगड लागला तर लोखंडी डिस्क वाकते. ओतीव अलॉय तडकतं. वाकलेली कड गावचा कारागीर हातोड्यानं सरळ करतो. तडकलेलं चाक भंगारात जातं, आणि ते मैदानात तडकलं तर त्याआधी बरंच काही होतं.

मोठं चाक हा दुसरा मोह. बारा इंची काढून चौदा इंची टाकायचं, वर पातळ टायर. दिसायला गाडी रुबाबदार होते. पण 145/70 आर 12 चा बाहेरचा व्यास 508 मिलीमीटर आहे आणि 165/60 आर 14 चा 554. गिअर तेच राहतात आणि चाक मोठं होतं, म्हणून जमिनीवर पडणारा जोर 8 टक्क्यांनी घटतो. आठ किलो वाचवून मिळवलेला दीड टक्का इथं पाच-सहापट गमावला. वजनही मध्यापासून बाहेर सरकलं, गोटीची बांगडी झाली. राजूर घाट चढताना ज्यानं जुन्या मारुतीचा दुसरा गिअर धरून ठेवला आहे, त्याला या आठ टक्क्यांची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. माझं मत ठाम आहे: ऑटोक्रॉससाठी स्वस्तात स्वस्त हलकं चाक म्हणजे लहान चाक. कंपनीनं दिलेला व्यास, रुंदी फार तर अर्धा इंच जास्त, आणि पैसे टायरवर.

जुनं चाक विकत घेताना काही मापं डोळ्यांनी दिसत नाहीत. मारुती 800 चे चार नट 114.3 मिलीमीटर व्यासाच्या वर्तुळावर बसतात. हा विचित्र आकडा म्हणजे साडेचार इंच. स्विफ्टचे चार नट 100 मिलीमीटरच्या वर्तुळावर. चाकं शेजारी ठेवली तर सारखीच वाटतात, पण एकाची भोकं दुसऱ्याला जुळत नाहीत. ओढूनताणून तिरपे नट आवळणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका, चाक निघून जाईल. मधलं भोक हबवर घट्ट बसायला हवं, म्हणजे चाक मध्यावर राहतं. नटाचं बूड शंकूसारखं आहे की सपाट, ते चाकाच्या खाचेशी जुळायला हवं. ऑफसेट, म्हणजे चाकाचा हबला टेकणारा चेहरा रिमच्या मध्यरेषेपासून किती आत-बाहेर आहे, तोही मूळ मापाच्या जवळ ठेवा. चाक फार बाहेर आलं की स्टिअरिंग जड होतं आणि बेअरिंग लवकर जातं. अलॉय असेल तर त्यावर आयएसआयची किंवा जपानी जेडब्ल्यूएलची खूण शोधा आणि भार किती किलोचा आहे तो आकडा वाचा.

आणि चाक वाजवून पाहा, जसं मडकं वाजवून घेतो तसं. टांगून लहान हातोडीनं हलकेच ठोका. निर्दोष चाक घणघणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. शंका आली तर आऱ्यांच्या मुळाशी रॉकेल चोळा, कोरडं पुसून घ्या आणि वर खडूची पूड लावा. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. डोळ्याला न दिसलेली भेग स्वतःच स्वतःचं चित्र काढते.

हे सगळं लिहिताना मला सारखं आठवतं ते बैलगाडीच्या चाकाला धाव चढवण्याचं काम. सुतारानं तुंबा, आरे आणि पाटे जोडून सव्वा मीटरचं लाकडी चाक उभं केलं. त्याचा घेर 3.93 मीटर. लोहारानं लोखंडी धाव मुद्दाम किंचित लहान बनवली. मग गोवऱ्यांच्या जाळात ती चांगली तापवली. 400 अंशांनी तापलेलं लोखंड दर मीटरला जवळपास 5 मिलीमीटर वाढतं, म्हणजे साऱ्या घेरात 19 मिलीमीटर. चौघांनी सांडशीनं धरून ती चाकावर उतरवली. लाकडाचा धूर, लगेच पाणी, आणि वाफेच्या ढगात धाव आवळत गेली. सगळे सांधे करकर वाजत एकमेकांत घुसले. एक खिळा नाही, एक बोल्ट नाही. थंड होणारं लोखंड स्वतःच चाकाला मुठीत धरतं. 

त्या लोहाराला विस्ताराचं सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. धाव किती लहान ठेवायची ते तो दोरीनं मोजायचा. छकडा बनवणाऱ्यालाही वजन कुठं ठेवायचं हे हातानं ठाऊक होतं. आपल्याकडं आता काटा आहे, मापपट्टी आहे, भ्रमणध्वनीत गणकयंत्र आहे.

तेव्हा चाक घ्यायला निघालात तर कापूस मोजायचा ताणकाटा सोबत न्या. दुकानदाराला वाटेल ते वाटू दे. आवडलेलं चाक आकड्याला टांगा, मग तुमच्या गाडीची जुनी लोखंडी डिस्क टांगा, आणि टायर वेगळं टांगा. तिन्ही आकडे कागदावर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका.